उभं राहायचं काम

संध्याकाळचे सात. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याच्या पुढे जुना मुंबई-पुणे हायवे लागतो. पंक्चरवाले, ढाबे, ट्रकची गॅरेजं, आणि त्यांच्या मधेच काळ्या काचांची, रंगीत दिव्यांची एखादी इमारत. पाटीवर ‘ऑर्केस्ट्रा बार’. पुढच्या दारात सफारीतला माणूस उभा असतो. आम्ही कॅमेरा लावला तो मागच्या दाराकडे. एक्झॉस्टचा पंखा घरघरतोय, भिंतीला कांद्याच्या गोण्या टेकवलेल्या आहेत, आणि एकेक रिक्षा येऊन थांबते. तोंडावर ओढणी, खांद्यावर मोठी बॅग. बाई उतरते, गोण्यांच्या बाजूने आत जाते. कामाला जाणाऱ्या बायका आहेत या. पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांच्याकडे तसंच पाहिलं.

मी कामोठ्यात वाढले. रात्री उशिरा घरी परतताना रिक्षा स्टँडवर या बायका दिसायच्या आणि आमच्यातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, तिकडे बघू नको. बारमध्ये काम करणाऱ्या बायकांवरच्या या फिल्मसाठी मी तिकडे बघायला गेले.

ज्या बाईने आम्हाला सगळ्यात जास्त वेळ दिला, तिचं नाव, गाव, आवाज यातलं काही तुम्हाला इथे मिळणार नाही. तशी तिची अट होती. बारच्या कागदावर ती गायिका आहे. ती गात नाही. गाणारी एक असते, वाजवणारे दोघं-तिघं असतात, बाकीच्यांनी स्टेजवर उभं राहायचं. हसून, गिऱ्हाईकाकडे बघत, उंच टाचांवर. बसायचं नाही. बसलेली बाई कंटाळलेली दिसते आणि कंटाळलेल्या बाईला कुणी टिप देत नाही, हे तिने आम्हाला पहिल्याच भेटीत समजावलं. रात्री दीडनंतर घरी पोचली की बादलीत कोमट पाणी आणि मूठभर मीठ. टाचेच्या वर सँडलच्या पट्ट्याने पडलेला वळ आहे. वर्षानुवर्षांचा असल्याने तो आता लाल होत नाही, काळा राहतो.

पगार नाही. त्या रात्री जमेल ते कलेक्शन. त्यातला वाटा मालकाचा, उरलेला तिचा. हिशेब मॅनेजर सांगेल तो. पण तिच्याकडे एक वही आहे, शंभर पानी, मुलाच्या शाळेची उरलेली. त्यात तारीख, आत गेल्याची वेळ, हातात आलेले पैसे. कुठल्या रात्री काही मिळालं नाही तर नुसती फुली. ही बाई नोकरी करते याचा जगात एवढाच पुरावा आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण या विषयाची सुरुवात पनवेलमधूनच झाली. इथले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार विवेक पाटील यांनी डान्स बारचा प्रश्न विधानसभेत उचलला. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली, पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि 15 ऑगस्ट 2005 पासून राज्यातले डान्स बार बंद झाले.

त्या मागणीच्या पाठीशी इथल्या घरांतला खरा राग होता, आणि तो मी उडवून लावणार नाही. या पट्ट्यातल्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतल्या. 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसं गेली, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची योजना आली. त्या प्लॉटचे पैसे घरात आले आणि काही घरांतून ते रात्री बारमध्ये गेले. नवऱ्याच्या खिशातून प्लॉट गेलेला पाहणाऱ्या बाईला तुम्ही रोजगाराच्या हक्कावर भाषण देऊ शकत नाही. तिचं गाऱ्हाणं खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या गाऱ्हाण्याचं उत्तर म्हणून जो कायदा आला, त्याचा सगळा भार दुसऱ्या एका बाईच्या डोक्यावर पडला.

शिवाय तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदीतून सूट होती. पैसेवाल्यांसाठी तोच नाच चालणार होता. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सुमारे 75,000 बायकांचं काम गेल्याचा आकडा कोर्टापुढे आला होता. पोट भरण्यासाठी कित्येकींवर शरीरविक्रय करायची पाळी आली, रोगापेक्षा इलाज वाईट ठरला, अशी नोंद न्यायालयाने केली. कायदा ज्यांना वाचवायला निघाला होता, त्यांना त्याने आणखी खोल ढकललं. हे वाक्य लिहितानाही माझा हात जड होतो.

सरकारने 2014 मध्ये पुन्हा बंदी आणली, न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मग 2016 चा कायदा आला. त्याच्या नावातच अश्लील नृत्याला प्रतिबंध आणि तिथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचं रक्षण, असं दोन्ही आहे. यातल्या पहिल्या अर्ध्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. बार शाळेपासून, देवळापासून एक किलोमीटर लांब हवा. सीसीटीव्ही हवा. दारू एकीकडे, नाच दुसरीकडे. 17 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अटी काढून टाकल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ ठेवली, नोटा उधळण्यावरची मनाई ठेवली, टिप द्यायला परवानगी दिली.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. ठरावीक मासिक पगाराची सक्ती न्यायालयाने काढली, पण काम करणाऱ्या बाईशी लेखी करार करा आणि तिचे पैसे बँकेत जमा करा, हे मात्र राहू दिलं. बातम्यांमध्ये डान्स बार पुन्हा सुरू होणार एवढंच वाजत राहिलं. लेखी कराराबद्दल मी कुठल्याच चौकात कुणाला बोलताना ऐकलं नाही. आमच्या वहीवाल्या बाईने तर तो शब्द या कामात पहिल्यांदा आमच्याकडून ऐकला.

तुम्ही म्हणाल, तिचा बार डान्सचा नाही, ऑर्केस्ट्राचा. बरोबर. तिथल्या परवान्यात स्टेजवर चार बाया, चार पुरुष, अशी मोजदाद होती. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाई-पुरुष वाटणी रद्द केली. एकूण आठांची मर्यादा चालेल, त्यात किती बायका हे सरकारने ठरवायचं नाही. पुन्हा वाद स्टेजवरच्या डोक्यांचा. त्या आठ जणांना पाणी कुठे मिळतं, संडास कुठे आहे, बसायला जागा आहे का, हे कोण मोजतं?

पोलिसांची रेड पडते तेव्हा काय होतं, तेही पाहा. डिसेंबर 2021 मध्ये अंधेरीच्या एका बारमध्ये मेकअपच्या खोलीतला आरसा काढला, तर मागे पोकळी सापडली. आत 17 बायका. सगळ्यांनी ती बातमी चोरखोलीची म्हणून दाखवली. मी ती कामगाराच्या बाजूने वाचते. आग लागली असती तर? त्या भिंतीतून सतरा जणी कुठून बाहेर पडल्या असत्या? कारखान्यात कामगारांना असं कोंडलं असतं तर आपण मालकाला काय म्हटलं असतं?

2 ऑगस्ट 2025 ला पनवेलमध्ये शेकापच्या मेळाव्यात राज ठाकरे यांनी रायगडातल्या डान्स बारचा विषय काढला. त्याच रात्री मनसेच्या कार्यकर्त्यांनी पनवेलजवळचा एक बार फोडला. फुटलेल्या काचांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. त्या रात्री आत कामावर कोण होतं, त्यांच्या त्या दिवसाच्या पैशांचं काय झालं, हे विचारणारा एकही व्हिडिओ माझ्यापर्यंत आला नाही.

जगात इतरत्रही हे भांडण चालू आहे. अमेरिकेत नॉर्थ हॉलिवूडच्या एका क्लबमधल्या नर्तकी रंगभूमीवरच्या नटनट्यांच्या जुन्या युनियनमध्ये 2023 साली सामील झाल्या. त्यांच्या लढ्याची सुरुवात पगारावरून झाली नव्हती. गिऱ्हाईक अंगावर आलं तर रखवालदाराने मधे पडावं, ही त्यांची मागणी होती.

आपल्याकडे त्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. तो बारलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. वाशी-नेरूळच्या बाईने ठाण्याला. पनवेलच्या बाईने अलिबागला, कारण पोलीस नवी मुंबईचे असले तरी जिल्हा रायगड. रात्री दीडनंतर घरी आलेली बाई सकाळच्या एसटीने अलिबागला जाईल, हे कागदावर लिहायला सोपं आहे. तालुक्याला तक्रार घेणारा अधिकारी नेमायची तरतूद कायद्यातच आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन मेकअपच्या खोलीत लावल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण करू नका, ही मागणी मी या फिल्ममधून करते आहे. लेखी कराराची प्रत दाखवल्याशिवायही नको. ऑर्केस्ट्राच्या बारलाही हेच लागू करा.

आणि केरळ. तिथे कोळिकोडच्या साडीच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका बसायच्या हक्कासाठी लढल्या, आणि 2018 मध्ये राज्याच्या दुकान कायद्यात तो हक्क आला. मी हे आमच्या बाईला सांगितलं तेव्हा तिला आधी खरंच वाटलं नाही. खुर्चीसाठी कायदा?

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आम्ही कराराचा कोरा नमुना तिच्यासमोर ठेवला. मालकाला द्यायचा नव्हता, नुसता भरून बघायचा होता. नावाची जागा तिने सोडली. ‘कामाचं स्वरूप’ इथे ती बराच वेळ थांबली. गायिका लिहावं का, असं तिने मला विचारलं, मग स्वतःच मान हलवली. शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलं, स्टेजवर उभं राहणे. वेळ, सात ते दीड. ‘मालकाने द्यायच्या सोयी’ अशी पुढची ओळ होती. तिथे तिने एकच शब्द लिहिला, खुर्ची. मग पेन परत दिलं, ओढणी बांधली. साडेसहा वाजले होते आणि खाली रिक्षा येऊन थांबली होती.