मानपत्रात पाणी कुठं आहे?

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी, नागरी सत्काराआधी एका निवृत्त शिक्षकांनी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलं आहे.)

गावकरी मंडळी, वाचनालयाचे वाचक, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

आज चौघांचा सत्कार आहे. शाली आल्यात, नारळ आलेत, फेटे बांधणारा बेळगावहून सकाळच्या बसनं आलाय. हार घालायच्या आधी सत्काराबद्दल चार शब्द बोलावेत असं संयोजकांनी मला सांगितलं. सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. ज्यांच्या बाबतीत ती झाली ते आज हयात नाहीत, म्हणून ती मीच सांगायला हवी.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस आठवा. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, सगळ्या नद्या एका आठवड्यात फुगल्या. आपल्याकडं पाणी शिवारापर्यंत येऊन थांबलं. पण विजेचे खांब आडवे झाले आणि नऊ दिवस करंट नव्हता. पंप बंद, टाकी कोरडी. तेव्हा आपल्या वॉटरमन मामांनी देवळामागची जुनी विहीर उघडली. नळ आल्यापासून त्या विहिरीत कुणी घागर सोडली नव्हती. मामांनी दोन पोरं हाताशी घेतली, पालापाचोळा काढला, गाळ उपसला, ब्लीचिंग पावडर टाकली आणि एक दिवस कुणालाही पाण्याला हात लावू दिला नाही. मग रहाटाला नवा दोर लावला आणि पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंत तिथं उभे राहिले. घरटी चार घागरी. बाळंतिणीच्या घरी सहा. पंचायतीच्या अध्यक्षांच्या घरीही चारच. हिशेब देवळाच्या भिंतीवर कोळशानं मांडलेला: उभ्या चार रेघा, पाचवी आडवी. मामा शाळेत गेले नव्हते, पण त्या भिंतीवर एका घराची एक घागर इकडची तिकडं झालेली नव्हती.

त्यांचा सत्कार करायचं गावानं ठरवलं. तारीख २६ जानेवारी २०२०. मानपत्र लिहायचं काम अर्थात मराठीच्या मास्तरांकडं, म्हणजे माझ्याकडं आलं. त्या आठवड्यात माझ्याकडं पेपर तपासायचे होते. घरात एक जुनं मानपत्र पडून होतं, दुसऱ्याच कुणाचं. मी त्यातलं नाव बदललं आणि छपाईला दिलं. "आपण समाजसेवेचा वसा घेतलेले निःस्वार्थ कर्मयोगी आहात, आपल्या कार्याचा सुगंध पंचक्रोशीत दरवळत आहे." असं सगळं. कार्यक्रमात मी ते आवाज चढवून वाचलं. टाळ्या पडल्या.

तीन दिवसांनी संध्याकाळी मामा घरी आले. फ्रेम टॉवेलात गुंडाळलेली. म्हणाले, "मास्तर, जरा वाचून दाखवतासा काय? नातीनं वाचलं, खरं तिलाबी उलगडा हुईना." मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "ह्येच्यात पाणी कुठं हाय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी फ्रेम परत टॉवेलात गुंडाळली. "असू दे, काच चांगली बसवल्यासा," म्हणाले आणि गेले. दुसरं मानपत्र लिहून द्यायचं माझ्या मनात होतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. पुढच्या वर्षीच्या साथीत मामा गेले.

तेव्हापासून मला वाटतं, सत्कार म्हणजे गावानं दिलेली साक्ष असते. चारचौघांत उभं राहून गावानं म्हणायचं, की बाबा, आम्ही बघितलं. पण काय बघितलं हेच सांगितलं नाही, तर ती साक्ष कोण धरणार? निःस्वार्थ, अविरत, अहोरात्र हे शब्द कुणालाही बसतात. म्हणून ते कुणाचेच होत नाहीत.

आपल्या पूर्वजांना हे आपल्यापेक्षा बरं कळत होतं. या भागात जुन्या देवळाच्या आवारात गेलात तर वीरगळ दिसतात. पोरांनो, तुम्ही त्यांना शेंदूर फासलेले देव समजता. ते देव नव्हेत, ते त्या काळचे सत्कार आहेत. दगडावर पट्ट्या कोरलेल्या असतात आणि त्या खालून वर बघायच्या. तळाशी अनेकदा गाई असतात आणि लढाई असते, कारण गावची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो माणूस पडलेला असतो. वरच्या पट्टीत अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर शिवलिंग, आणि तो हात जोडून बसलेला. डोक्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. पुष्कळ वीरगळांवर एक अक्षरही नसतं. तरी तो कशासाठी मेला ते गुराख्याच्या पोरालाही कळतं. मामांना वीरगळ वाचता आला असता. माझं मानपत्र त्यांना वाचता आलं नाही, आणि ज्यांना वाचता आलं त्यांनाही त्यात मामा सापडले नसते.

आता नंदगडला या. इथून लांब नाही, तुमच्यातले निम्मे बाजाराला जाता. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढल्या. पुढं कैदेतच, १८२९ साली, बैलहोंगलला त्यांचा अंत झाला. राज्य गेलं, राणी गेली, पगार देणारं कुणी उरलं नाही. तरी त्यांचा शिपाई संगोळी रायण्णा राणीच्या दत्तकपुत्राला गादी मिळावी म्हणून लढत राहिला. तो लढाईत सापडला नाही, फितुरीनं सापडला. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी दिली. पकडून देणाऱ्यांना इंग्रज सरकारनं बक्षिसं दिली, त्याची दफ्तरात नोंद झाली. तोही एक सत्कारच होता म्हणा, सरकारी शिक्क्याचा.

आणि लोकांनी काय केलं? रायण्णाच्या समाधीवर वड आहे. त्या वडाला लाकडी पाळणे बांधलेले तुम्ही बघितले असतील. मूलबाळ नसलेल्या बायका नवस बोलतात, रायण्णासारखा मुलगा होऊ दे म्हणून. त्यात कानडी बायका आहेत आणि मराठी बायकाही. माझी आजी तिथं जाऊन आली होती. तिला कानडी चार शब्दांपलीकडं येत नव्हतं. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, त्या माणसाला पाळणे बांधले जातायत. बक्षीस घेणाऱ्यांच्या नावानं कुणी पणती लावल्याचं मी ऐकलेलं नाही.

सीमाभागात निष्ठा हा शब्द जपून वापरावा लागतो, हे मला ठाऊक आहे. आपण दर १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांना फुलं वाहतो, १ जूनला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातल्या हुतात्म्यांसाठी हिंडलग्याला जातो. भाषेसाठी तुरुंगात गेलेली माणसं या गावात होती, त्यांच्या मांडीवर मी वाढलो. त्यांचा मान मी कधी कमी होऊ देणार नाही. आपला भाग कर्नाटकात गेला त्या एक नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो, त्याच दिवशी कर्नाटक सरकार राज्योत्सव पुरस्कार देतं, तो सल जुना आहे. पण मामांच्या भिंतीवर कानडी गल्लीतल्या घरांच्या रेघा वेगळ्या काढलेल्या नव्हत्या. मी मुद्दाम जाऊन बघितलं होतं. त्यांची निष्ठा विहिरीशी होती आणि घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी होती. तीही निष्ठाच आहे. तिचा सत्कार आपण फार कमी वेळा करतो, कारण तिच्यासाठी घोषणा नाही.

थोडं सरकारी पुरस्कारांबद्दल. इंग्रजांच्या राज्यात रावबहादूर, रावसाहेब असे किताब असत, ते नावाला चिकटत. आपल्या घटनेच्या १८ व्या कलमानं किताब बंद केले. १९५४ मध्ये भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले, तेव्हा हेही किताबच नव्हेत का, असा प्रश्न आला. जनता सरकारनं १९७७ मध्ये ते थांबवले, १९८० मध्ये पुन्हा चालू झाले. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ च्या डिसेंबरात निकाल लागला: पुरस्कार घटनेला धरून आहेत, मात्र ते नावापुढं किंवा नावामागं लावायचे नाहीत. आपण पत्रिकेवर सर्रास "पद्मश्री अमुक" छापतो, ते चूक आहे. मला हा निकाल फार आवडतो. मान कामाचा आहे, माणसाच्या नावाला शेपूट म्हणून तो लावायचा नाही, असं न्यायालयच म्हणतंय.

आणखी एक गोष्ट, तरुण पोरांनी ही लिहून घ्या. पद्म पुरस्कारासाठी कुणाचंही नाव तुम्ही-आम्ही सुचवू शकतो. आमदाराची चिठ्ठी लागत नाही, अर्ज संगणकावरून भरायचा. त्यात त्या माणसानं काय केलं याचं वर्णन लिहावं लागतं, जास्तीत जास्त ८०० शब्द. आठशे शब्द! मंगळूरचे हरेकळ हाजब्बा संत्री विकायचे. एका परदेशी पाहुण्यानं इंग्रजीत भाव विचारला, त्यांना उत्तर देता आलं नाही. ते मनाला लागलं, आणि संत्र्यांच्या कमाईतून पैसे साठवून त्यांनी आपल्या गावात शाळा उभी केली. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बघा, दोन-तीन वाक्यांत काम डोळ्यापुढं उभं राहिलं. त्याच यादीत अंकोल्याकडच्या तुलसी गौडा होत्या, ज्यांनी आयुष्यभर जंगलाची रोपं वाढवली. राष्ट्रपती भवनात त्या अनवाणी गेल्या. दिल्लीला आठशे शब्द लागतात, आणि आपण गावात रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल आठ शब्द खरे लिहीत नाही.

व्यासपीठाबद्दल दोन गोष्टी बोलतो, रागावू नका. ज्याचा सत्कार त्याला शेवटच्या खुर्चीत बसवून पाहुण्यांची दीड-दोन तास भाषणं करायची, हे आपण सगळीकडं बघतो. दुसरं, सत्काराला येण्यासाठी माणसाचा रोज बुडतो. शाल द्या, पण त्या दिवसाची मजुरीही पाकिटात घाला. आज ती घातलेली आहे, मी मोजून बघितलंय.

या वेळी आम्ही मानपत्रं लिहायला चार महिने घेतले. वाचनालयातल्या पोरी वही घेऊन त्या चौघांच्या मागं फिरल्या. काय करता, कधी उठता, हे कुणी शिकवलं, हात कधी भाजला, सगळं विचारलं. मग शेजाऱ्यांना विचारलं. त्यातलं जे दोघांनी सांगितलं तेवढंच घेतलं. पहिलं मानपत्र आपल्या शाळेत जेवण करणाऱ्या मावशींचं आहे. मावशी, तुम्ही उभ्या राहू नका, बसूनच ऐका. आणि चुकलं तर मला मध्येच थांबवा.

"२००३ साली आपल्या शाळेत अक्षर दासोहची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची, चूल पेटली. पुढच्या वर्षापासून तुम्ही तिच्याजवळ आहात. सकाळी साडेसातला कुलूप तुम्ही उघडता. दुधाची पावडर आधी थंड पाण्यात कालवता, मग तापवता, म्हणून आपल्या शाळेतल्या दुधात गुठळ्या नसतात. तांदूळ तीन पाण्यांत धुता आणि तिसरं पाणी शेवग्याच्या झाडाला घालता, त्याच शेवग्याच्या शेंगा सांबारात पडतात. जे मूल अंडं खात नाही त्याचं केळं तुम्ही आठवणीनं बाजूला ठेवता, ते कधी मागावं लागलेलं नाही. २०१९ च्या पावसात शाळेत राहायला आलेल्या सतरा घरांना नऊ दिवस तुम्ही दोन वेळा रांधून घातलंत, ओल्या लाकडांवर. धुरानं तुमचे डोळे तेव्हापासून दुखतात. दर सोमवारी तुम्ही दोन मापं तांदूळ जास्त घालता, कारण रविवारी काही घरांत पोरं अर्धपोटी राहतात हे तुम्ही ताटांवरून ओळखलंत. गेली वीसहून अधिक वर्षं..."

(इथं मावशींनी हात वर करून वाचन थांबवलं. "सर, ते सोमवारचं मी न्हवं सुरू केलं. माज्या आदी जी मावशी हुती, पयलं वरीस, तिनं. ती गेली, मी तेच चालवलं. तिचं नाव घाला, मग वाचा." मानपत्र फ्रेममधून काढून त्यावर पेनानं ते नाव लिहिण्यात आलं आणि वाचन पुन्हा पहिल्या ओळीपासून झालं.)