जरी-तरीची वही

[दृश्य: शाळेचं फाटक, पिवळी झाडं, निळ्या-पांढऱ्या ट्रॅकसूटमधली मुलं]

चेंगदू. चीनच्या सिच्वान प्रांताची राजधानी. नोव्हेंबरातली सकाळ आहे. जिंकोची झाडं पिवळीजर्द झालीत, आणि ऊन अजून पडलेलं नाही. ट्रॅकसूट हाच इथला गणवेश. पहिल्या तासाला अवकाश आहे, पण नववीचा वर्ग भरलाय. ऐका.

[आवाज: मुलांचं मोठ्यानं वाचन. निवेदन थांबतं.]

हे सकाळचं वाचन. पुस्तक दोन्ही हातांत धरायचं आणि खणखणीत आवाजात वाचायचं, ज्याचं त्यानं आपल्या वेगानं. म्हणून वर्गात असा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव उठलाय. भाषा इंग्रजी आहे.

चीननं शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणायचं ठरवलं ते 2001 साली. महाराष्ट्रात त्याआधी एक वर्ष, 2000 साली, ते पहिलीपासून सुरू झालं होतं. सातवी ते नववी या तीन वर्षांना इथे छूचोंग म्हणतात. 2022 च्या अभ्यासक्रमानुसार नववी संपताना मुलांना सुमारे 1600 इंग्रजी शब्द यायला हवेत. शब्द पाठ होतात. मुलं अडतात ती वाक्यात.

[दृश्य: फळा. बाई खडूनं क्रियापद लिहितात.]

का अडतात, ते फळ्यावर दिसतंय. चिनी क्रियापद बदलत नाही. जाणं म्हणजे ‘छ्यू’. मी छ्यू, ती छ्यू, आम्ही सगळे छ्यू. काल छ्यू, उद्याही छ्यू. काळ कळतो तो ‘काल’, ‘उद्या’ अशा शब्दांवरून, किंवा ‘ल’सारख्या एखाद्या छोट्या प्रत्ययावरून. आपलं मूल शाळेत जायच्या आधीच गेला, गेली, गेलं म्हणायला लागतं. या मुलांना ‘ही गोज’मधला तो शेवटचा ‘ज’सुद्धा मुद्दाम कमवावा लागतो. तो, ती, ते या तिघांचा चिनी उच्चार एकच, ‘था’. त्यामुळे बोलण्याच्या ओघात ‘ही’ची ‘शी’ होऊन जाते.

म्हणून मग यमकं. ‘वो युंग ॲम, नी युंग आर’, म्हणजे माझ्याबरोबर ॲम, तुझ्याबरोबर आर. हे लहान वर्गात पाठ झालेलं असतं. आत्ता मुलं म्हणतायत ते त्याच्या पुढचं आहे: चू-च्यांग-त्सुंग-श्येन. मुख्य वाक्य भविष्यात, गौण वाक्य वर्तमानात. ‘इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल स्टे ॲट होम.’ पाऊस उद्याचा, तरी क्रियापद ‘रेन्स’. एवढा मोठा नियम, आणि तो चार अक्षरांत बसलाय.

आणि बाई हे सगळं समजावतायत ते चिनीत.

या वर्गात आम्ही तीन दिवस होतो, आणि सगळ्यात जास्त चित्रण केलं ते याच गोष्टीचं. इथे इंग्रजी हा विषय आहे, माध्यम नाही. गणित, विज्ञान, इतिहास, सगळं चिनीत. इंग्रजीचं व्याकरणसुद्धा चिनीला शेजारी बसवून शिकवलं जातं. मुलाची चूक त्याच्या मातृभाषेतून आलेली असते. ती भाषा वर्गाबाहेर ठेवली, तर चूक दिसते, पण तिचं मूळ दिसत नाही.

[दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून]

ही वही बघा. तिचं नावच चुकांची वही. चाचणीत चुकलेला प्रश्न कात्रीनं कापून डावीकडे चिकटवलाय. त्याखाली आधी दिलेलं चुकीचं उत्तर, मग बरोबर उत्तर, आणि लाल शाईत कारण. प्रश्न ‘ऑल्दो’चा आहे. मुलीनं ‘ऑल्दो’ घेतला आणि पुढे ‘बट’सुद्धा घेतला. चिनीत ‘स्वेइरान’ आलं की मागोमाग ‘तान्श’ येतं. इंग्रजीत दोघांपैकी एकच चालतं.

मराठी माणसानं या पानाशी जरा थांबावं. जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही निघालो. आपलीही तीच जोडी, म्हणून आपलीही तीच चूक. शाळेत असताना माझ्या ‘बट’भोवती लाल गोल पडले होते. ‘जरी-तरी’कडे बोट दाखवून कारण कुणी सांगितलं नव्हतं. या मुलीच्या वहीत ते कारण तिच्याच अक्षरात, तिच्याच भाषेत आहे. खाली त्याच नियमाची तीन नवी वाक्यं आहेत, तिनं स्वतः रचलेली.

[दृश्य: मुलं डोळे मिटून भुवयांजवळ बोटं फिरवतायत.]

मधल्या वेळातले डोळ्यांचे व्यायाम. चीनच्या शाळांमध्ये हे 1960 च्या दशकापासून चालत आलेत.

[दृश्य: मुलगा, पेन्सिल, उतारा]

आता गाळलेल्या जागांचा उतारा. एक मुलगी पत्र उघडते, वाचते, आणि पुढची जागा रिकामी. पर्याय चार: हॅपी, वरीड, टायर्ड, प्राउड. चारही शब्द याला येतात आणि व्याकरणानं चारही बसतात. त्यानं ‘हॅपी’ लिहिलं. पुढे वाचतोय. पत्रातली मुलगी त्याच रात्री गाडी पकडून आजारी आजीकडे निघते.

[निवेदन थांबतं. मुलगा पेन्सिल उचलतो, मागे जातो, खोडतो.]

‘वरीड.’

आकलनाच्या उताऱ्याला बाईंचा एकच हट्ट. उत्तर द्यायचं, तर उताऱ्यातल्या ज्या ओळीवरून ते सुचलं तिच्याखाली रेघ मारायची आणि रेघेपाशी प्रश्नाचा क्रमांक टाकायचा. तपशिलाचा प्रश्न असेल तर हे सोपं. अनुमानाच्या प्रश्नाला कधी दोन-दोन रेघा लागतात, एक वरच्या परिच्छेदात, एक खालच्या. उत्तर बरोबर आणि रेघ नाही, तर कागद परत. मला हा हट्ट फार मोलाचा वाटतो. वाचायला शिकवणं म्हणतात ते हेच.

जूनमध्ये चोंगखाव परीक्षा. पुढे सामान्य उच्च माध्यमिक शाळा मिळणार की व्यवसाय-शिक्षणाची, हे मुख्यतः त्या गुणांवर ठरतं, आणि पुष्कळ मुलं दुसऱ्या वाटेनं जातात. 2021 च्या जुलैत सरकारनं माध्यमिकच्या रोजच्या लेखी गृहपाठाला सरासरी दीड तासाची मर्यादा घातली आणि शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावायला मनाई केली.

[दृश्य: शेवटचा तास. फळ्यावर एक लांब बाण.]

आज नवा धडा आहे. फळ्यावर चिनी वाक्यखंड: मी काल घेतलेलं पुस्तक. शब्दांचा क्रम हुबेहूब आपलाच, पुस्तक शेवटी. बाई तिथून एक बाण काढतात, सगळ्या शब्दांवरून नेतात आणि पार सुरुवातीला आणून टेकवतात. ‘द बुक दॅट आय बॉट यस्टर्डे.’

[दृश्य: तीच मुलगी, तीच वही, कात्री]

संध्याकाळ झालीय. आजच्या चाचणीतली एक पट्टी कापून झाली, चिकटवून झाली. डिंक अजून ओला आहे. खाली तिनं लाल शाईत चिनी अक्षरांत लिहिलंय: आपल्याकडे पुस्तक शेवटी येतं, त्यांच्याकडे आधी.

[आवाज: वहीचं पान उलटतं.]