धरून ठेवणारं प्रथिन

श्रोतेहो, नमस्कार. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला आला, की कधी कधी आम्ही त्याला एक खास रंग देतो. निरोगी दूधनलिकेत मग प्रत्येक पेशीची कड तपकिरी उठून दिसते, बारीक बोरूने चौकटी आखाव्यात तशी. ही रेघ म्हणजे ई-कॅडहेरिन.

हे प्रथिन पेशीच्या बाहेर पाच खंडांचा हात काढतं आणि शेजारणीचा तसाच हात पकडतं. खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम असेल तरच हा हात ताठ राहतो. आत त्याचं टोक पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनी 1977 मध्ये दाखवलं, की कॅल्शियम असताना ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या पाचक एन्झाइमलाही ही पकड तोडता येत नाही. कॅल्शियम काढून घेतलं, की पेशी सुट्या होतात. किती साधा प्रयोग, आणि केवढं दार उघडलं त्याने!

याचं जनुक सीडीएच-1, आपल्या 16व्या गुणसूत्रावर. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात तीस वर्षांत पंचविसाहून अधिक माणसं जठराच्या कॅन्सरने गेली. काही तर ऐन तारुण्यात. घरच्यांनीच शास्त्रज्ञांना गाठलं, रक्ताचे नमुने दिले. 1998 मध्ये ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने याच जनुकातला, वारशाने येणारा बिघाड शोधून काढला. त्या कुटुंबाच्या धीराबद्दल मला फार आदर वाटतो. या कॅन्सरच्या पेशी गाठ न करता अस्तराखाली विखुरतात, पोटात घातलेल्या दुर्बिणीलाही चकवतात. म्हणून बिघाड असलेले अनेक जण धडधाकट असतानाच जठर काढून घेतात. अन्ननलिका थेट आतड्याला जोडतात. मग थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं आणि बी-12 जन्मभर घ्यायचं.

परवाच एका काचेवर ती तपकिरी रेघ नव्हती. पेशी मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेने निघालेल्या. रिपोर्टमध्ये मी ‘लोब्युलर’ लिहिलं, म्हणजे पेशींची ही पकड सुटलेला स्तनाचा कॅन्सर. बहुतेकदा हा बिघाड त्या गाठीपुरताच असतो, वारशाने आलेला नसतो. तरी बाईंचं वय कमी होतं. मी सर्जनना फोन लावला आणि विचारलं, ‘यांच्या घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का?’