मागून बसलेली पिकअप

(दृश्य: पुणे-नाशिक रस्त्यालगतचं गाड्यांच्या स्प्रिंग-पाट्यांचं दुकान. भिंतीला टेकवलेले पाटे. बाहेर एक जुनी पिकअप.)

हौदा रिकामा आहे, तरी गाडी मागून बसलेलीच. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जेमतेम मावतील. मागचा भाग खाली गेला की नाक वर होतं, त्यामुळे रात्री हिचे दिवे रस्त्यावर कमी आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जास्त पडतात. इंजिन अजून खणखणीत आहे. दमलेत ते मागचे पाटे, म्हणजे गाडीचा भार तोलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या.

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या पट्ट्यात अशा गाड्यांना उसंत नसते. एका कॅरेटमध्ये 20 किलो माल. 75 कॅरेट चढली की झाला दीड टन, आणि त्यात मोकळ्या कॅरेटचं वजन धरलेलंच नाही. वर शेतातली वाट, गतिरोधक आणि पहाटेच्या आत वाशीचा बाजार गाठायची घाई.

(दृश्य: सुट्या पाट्यांचा जुडगा, जवळून.)

सगळ्यात वरचा हा मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, डोळ्यांत बुश, म्हणजे रबरी नळ्या. त्याखाली आखूड होत गेलेले पाटे, आणि सगळ्यांना मधोमध ओवणारा सेंटर बोल्ट. पुढचा डोळा चासीला पक्का असतो, मागचा शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतो. भार आला की कमान सरळ होते, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर वाढतं. त्या वाढीला शॅकल वाट देतं.

पाटे नुसतं वजन तोलतात असं पुष्कळांना वाटतं. पण मागचं हाऊसिंग, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आस, जागेवर धरून ठेवायचं कामही त्यांचंच. क्लच सोडताना आणि ब्रेक मारताना हाऊसिंगला जो पीळ बसतो, तोही तेच सोसतात. म्हणून तर मेन पाटा तुटला की चाक मागेपुढे सरकतं आणि गाडी एका अंगाला ओढते. तुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा वरच्या अंगाला होते, कारण भाराखाली ताण तिथे पडतो. गंजाचा एक खड्डाही तड्याला पुरतो. यासाठीच कारखान्यात पाट्याच्या त्या बाजूवर पोलादी छऱ्यांचा जोरदार मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि तडा सहज उघडत नाही.

आता इलाज. दुकानात पहिला सल्ला ठरलेला: “एक पाटा वाढवून देतो, शेठ.” स्वस्तात काम होतं, गाडी तासाभरात उचलली जाते. पण थकलेल्या पाट्यांत एक ताजा, जास्त कमान असलेला पाटा घातला की भाराचा मोठा वाटा त्याच्या एकट्याच्या माथी येतो. दुसरा उपाय म्हणजे जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणं. नुसतं थंड ठोकलं तर ते लवकरच परत बसतात. भट्टीत लाल केले आणि पुन्हा नीट पाणी देऊन कडक केले नाहीत, तर होता तो कसही जातो. आमच्या मते दोन्ही बाजूंचे पूर्ण सेट एकदम बदलावेत. एकाच बाजूचा बदलला तर गाडी तिरकी उभी राहते, मग टायरवाल्याचा धंदा होतो.

नव्या गाड्यांत आता पॅराबोलिक पाटे दिसतात: मधे जाड, टोकांकडे पातळ होत गेलेले, संख्येने दोन-तीनच. ते एकमेकांवर घासत नाहीत, वजनाला हलके असतात आणि रिकाम्या गाडीला कमी हादरे देतात. जुन्या गाडीला ते बसतील का, हे मोजूनच ठरवायचं. डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, रुंदी 60 की 70 मिलिमीटर, सेंटर बोल्ट बरोबर मधे की पुढे सरकलेला. आणि जाडी. ती 10 टक्के वाढली तर कडकपणा 33 टक्क्यांनी वाढतो. लांबी तेवढीच वाढली तर तो चौथ्या हिश्शाने उतरतो. आणखी एक: जुन्या पाट्यांची आपसातली घासण गाडीच्या उड्याही थोपवत असते. ती गेली की सगळी भिस्त शॉकॲब्सॉर्बरवर. तेल गळणारे शॉकॲब्सॉर्बर ठेवून नवे पाटे घालू नयेत.

(दृश्य: पुढच्या चाकांना दगड. चासीखाली टेकूच्या घोड्या. हाऊसिंगखाली वेगळा जॅक.)

पाटे हाऊसिंगला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या नटांवर आदल्या रात्रीच डिझेल सोडलेलं असलं तर बरं. नाहीतर गॅस कटर येतो, आणि शेजारीच ब्रेकचा पाइप आहे. जुने यू बोल्ट परत वापरत नाहीत. आवळून आवळून त्यांचे आटे ताणलेले असतात. नव्या सेटच्या सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसलं पाहिजे, नाहीतर चाकांची ओळ चुकते. यू बोल्ट आलटून पालटून, कोपऱ्यासमोरचा कोपरा घेत आवळायचे. डोळ्यांचे बोल्ट मात्र अखेरचे आवळायचे, गाडी चाकांवर उतरवून. हवेत असतानाच आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत जखडतात आणि लवकर फाटतात.

(दृश्य: हाऊसिंगला जोडलेली ब्रेक व्हॉल्व्हची दांडी.)

इथे बरेच जण फसतात. अनेक पिकअपमध्ये ही दांडी चासी आणि हाऊसिंग यांच्यातलं अंतर पाहून मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. पाटे बदलून गाडी उंच झाली की व्हॉल्व्हला वाटतं, हौदा रिकामा आहे. मग माल भरलेला असूनही मागचा ब्रेक कमी लागतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. हेडलाइटची दिशाही त्याच फेरीत तपासायची.

पासिंगचं वजन मात्र आरसी बुकात होतं तेच राहतं. टायर, बेअरिंग, ब्रेक, चासी, सगळं जुनंच आहे. जादा भार सापडला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये दंड, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला 2,000.

काहीशे किलोमीटर गाडी चालली की यू बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे. तोवर नवे पाटे एकमेकांवर नीट बसलेले असतात.

उतरवलेले पाटे भंगारात जातात, नाहीतर गावच्या लोहाराकडे. पाट्याच्या कोयत्याला धार टिकते, म्हणून ऊसतोडीच्या भागात त्याला मागणी असते. तुकडा घेण्याआधी तडा कुठवर गेलाय, हे लोहारही बघूनच घेतो.