गोदीची स्वतःची आगगाडी

श्रोतेहो, नमस्कार. हार्बर लोकलने कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा हा टप्पा गाठताना पूर्वेच्या बाजूला, वखारींच्या आडोशाला, काही रूळ दिसत आले आहेत. ते ना मध्य रेल्वेचे, ना पश्चिमेचे. ती बंदराची स्वतःची रेल्वे. बॉम्बे पोर्ट ट्रस्टने १ जानेवारी १९१५ रोजी ती बॅलार्ड पियर ते वडाळा अशी सुरू केली.

प्रिन्सेस डॉक १८८० साली झालं, व्हिक्टोरिया १८८८ साली, अलेक्झांड्रा १९१४ मध्ये. जहाजं वाढत गेली, पण कुलाब्याच्या बाजारातल्या कापसाच्या गाठी बैलगाड्यांत लादून शहराच्या गर्दीतून गोदीवर न्यायच्या, हे किती दिवस चालणार? मग माझगाव-शिवडीकडे समुद्रात भर घालून जमीन काढली. तिथे कापसाची, धान्याची कोठारं आली आणि त्यांच्यामधून रूळ. पोर्ट ट्रस्टची रेल्वे ब्रॉडगेजच, म्हणजे मुख्य मार्गांइतक्याच रुंदीची, ठेवल्यामुळे मालाची चढउतार न करता वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, वडाळ्याहून थेट जीआयपी (आजची मध्य रेल्वे) किंवा बीबीसीआयच्या (आजची पश्चिम रेल्वे) मार्गावर जात. मला तर सगळ्या योजनेतली हीच खरी हुशारी वाटते.

पण मालगाड्यांच्या या मार्गावर एक राजेशाही गाडीही धावे. १ सप्टेंबर १९२८ रोजी फ्रंटियर मेल सुरू झाली. विलायतेहून टपाल आणणारी पी अँड ओ कंपनीची आगबोट बॅलार्ड पियरला लागायची. तिथल्याच मोल स्टेशनात गाडी उभी. साहेब बोटीतून उतरला, की सामानसुमानासह डब्यात, आणि पुढे दिल्ली, लाहोर, थेट पेशावर! मुंबई शहराशी त्याचा संबंध यायचाच असं नाही. त्या गाडीला आता गोल्डन टेम्पल मेल म्हणतात. ती मुंबई सेंट्रलहून सुटते आणि अमृतसरला थांबते.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र! दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. आसपासची जहाजं, वखारी खाक झाल्या. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

गोदी त्यातून उभी राहिली. तिचं काम हिरावलं ते कंटेनरने. १९८९ मध्ये पलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि माल खाडीपार गेला. पुढे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया ही दोन्ही डॉकं भरून टाकली. कंटेनर ठेवायला जागा हवी होती ना!