हवालदाराचा शेवटचा हिशोब

(दृश्य : बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. टेबलावर डिस्चार्ज बुक आणि शेवटच्या महिन्याची पगाराची स्लिप.)

निवृत्त होताना जवानाच्या हाती किती पैसे यायला हवेत ते बघायला, उदाहरण म्हणून एक हवालदार घेऊ. नोकरी बरोबर २४ वर्षं, वय ४२ पूर्ण, ३१ मे २०२५ ला पेन्शनीवर. एमएसीपीमुळे (बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळणारी वरची वेतनश्रेणी) पगार लेव्हल ६ मध्ये आलेला, मूळ वेतन ४४,९०० रुपये. त्यात मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. बेरीज ५०,१००. पुढचं सगळं या आकड्यावर उभं आहे. एक्स ग्रुप पे (तांत्रिक ट्रेडच्या जवानांचा जादा पगार) किंवा वर्गीकरण भत्ता मिळत असेल तर तो पेन्शनच्या हिशोबात धरतात. या हवालदाराला दोन्ही नाहीत असं समजू.

पेन्शन म्हणजे याच्या निम्मे : २५,०५०. शेवटचा पगार किंवा शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी, जे फायद्याचं असेल ते धरतात. जवानाची १५ वर्षांची पात्र सेवा भरली की पन्नास टक्के मिळतात. मग नोकरी १७ वर्षांची असो की २४ ची.

(दृश्य : पाटीवर खडूने आकडे.)

आता ग्रॅच्युइटी. घोळ होतो तो इथेच, कारण पेन्शन काढताना महागाई भत्ता धरत नाहीत, ग्रॅच्युइटीला मात्र धरतात. मे २०२५ मध्ये तो ५५ टक्के होता. ५०,१०० वर २७,५५५, म्हणजे एकूण ७७,६५५. पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीला याचा चौथा हिस्सा. २४ वर्षांच्या सहामाह्या ४८, म्हणजे बारा पट. ९,३१,८६० रुपये. शेवटच्या अपुऱ्या सहामाहीत तीन महिने किंवा जास्त भरले असतील तर ती पूर्ण धरतात. म्हणून बिनरजा गैरहजेरीचे किंवा कैदेचे दिवस सेवेतून वजा झालेत का, हे आधीच तपासायचं. तीन महिन्यांची ती हद्द हुकली, तर थोड्या दिवसांपायी एक सहामाही जाते. या हिशोबात तिची किंमत एकोणीस हजारांच्या वर आहे.

शिल्लक रजेचा पगारही महागाई भत्ता धरूनच. ७७,६५५ भागिले ३०, गुणिले शिल्लक दिवस. कमाल ३०० दिवस. पूर्ण ३०० असतील तर ७,७६,५५० रुपये.

(दृश्य : कम्युटेशनचा तक्ता, बोट ४३ च्या ओळीवर.)

कम्युटेशन. म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं. सरकारी मराठीत अंशराशीकरण, पण बराकीत हा शब्द कोणी वापरत नाही. फौजेत निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, सिव्हिलमध्ये ४० टक्के. तक्त्यात वय बघायचं ते पुढच्या वाढदिवसाचं. आपल्या हवालदाराचं ४३, गुणक ९.०४०. १२,५२५ गुणिले १२ गुणिले ९.०४०, म्हणजे १३,५८,७१२ रुपये एकरकमी.

त्याबदल्यात दरमहा १२,५२५ कापले जातात, १५ वर्षं. एकूण कपात २२,५४,५००. हे साधारण साडेसात टक्के व्याजाच्या कर्जासारखं आहे. डोक्यावर त्याहून महागडं कर्ज असेल, किंवा घर बांधायचं असेल, तर घ्यावं. नुसतं बचत खात्यात ठेवायला पेन्शन विकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक गोष्ट मात्र जवानाच्या बाजूची : त्याचं मध्येच काही बरंवाईट झालं तर ही रक्कम बायकोच्या कुटुंब पेन्शनमधून कापत नाहीत.

पेन्शनचा पहिला महिना हाती आला की कागदावर मांडा. २५,०५० वजा १२,५२५, अधिक महागाई भत्ता. पेन्शनर त्याला डीआर म्हणतात. तो पूर्ण २५,०५० वर मिळतो, उरलेल्या निम्म्यावर नाही. ५५ टक्क्यांनी १३,७७८. खात्यात यायला हवेत २६,३०३. एकोणीस-साडेएकोणीस हजार आले, तर डीआर निम्म्या पेन्शनवर काढला गेलाय. लगेच स्पर्श पोर्टलवर (फौजी पेन्शनची सरकारी वेबसाइट) तक्रार टाका.

प्रॉव्हिडंट फंडाची शिल्लक आणि ग्रुप इन्शुरन्सची रक्कम वेगळी येते. इन्शुरन्समधून निवृत्तीनंतरच्या विम्याचा एकरकमी हप्ता वळता होतो. जुनं येणं, उचललेला अॅडव्हान्स, जास्त गेलेला पगार हेही शेवटच्या हिशोबात कापतात, म्हणून ढोबळ बेरजेपेक्षा आकडा कमी दिसतो.

(दृश्य : आधार कार्ड आणि पार्ट टू ऑर्डर शेजारी शेजारी.)

पण खरी अडचण बहुतेक वेळा आकड्यांत नसतेच, ती नावात असते. पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या घरच्या माहितीच्या फौजी नोंदीत, बायकोचं माहेरचं नाव, आधारला सासरचं, बँकेत तिसरंच. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, तसाच निघतो आणि त्रास पुढे कुटुंब पेन्शनच्या वेळी तिला होतो, घरात दुःख असताना. डिस्चार्जच्या किमान वर्षभर आधी रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्ती पाठवा : बायकोचं नाव, तिची जन्मतारीख, मुलांची नावं. गावी परतल्यावर काही अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच.

आणि पीपीओच्या पहिल्या पानावर पेनने एक तारीख लिहून ठेवा. कपात जून २०२५ पासून सुरू झाली असेल, तर ती १ जून २०४०. त्या महिन्यात कापलेले १२,५२५ परत सुरू झाले पाहिजेत.