ओंडक्यापाशी

पाऊस नुकताच थांबलाय. वाट निसरडी आहे, पण अळंबी शोधणाऱ्यांची नजर वाटेवर नसतेच. ती कडेच्या पाचोळ्यात, मुळांच्या बेचक्यात, पडलेल्या लाकडाखाली. चालही संथ. भराभर चालणाऱ्याच्या हाती इथं काही लागत नाही.

हा ओंडका बघा. साल सुटत आलीय. अलगद उचलली की आत हे पांढरं जाळं. बुरशी म्हणजे खरं तर हेच. वर दिसते ती अळंबी, बीजाणू पसरवण्यापुरती आलेली. लाकडाला कणखर करणारं लिग्निन पचवणं फार थोड्या सजीवांना जमतं. या बुरशांचा त्यात हातखंडा. लाकूड असं पांढुरकं, मऊ होऊन तंतू सुटायला लागले, की समजायचं काम जोरात चालू आहे. ‘जंगल साफ करायचं’ म्हणून असे ओंडके उचलतात, तेव्हा हे सगळंच जातं.

त्याच लाकडावर ही शिझोफायलम नावाची अळंबी. पंख्याच्या आकाराची, वर राखाडी लव. आता खालची बाजू, भिंगातून. प्रत्येक पट्टी मधोमध दुभंगलेली. हवा कोरडी झाली की पट्ट्या वळून मिटतात, पाणी लागलं की पुन्हा उघडतात.

आणि या इवल्या वाट्या, याही बुरशीच्याच. आत चपट्या गोळ्या, गोळ्यांत बीजाणू. थेंब नेमका वाटीत पडला... गोळी उडाली! पुन्हा बघू, सावकाश. ती मीटरभर लांबही जाऊ शकते.

ओळख पटवताना रंगावर जाऊ नका, पावसात तो धुऊन निघतो. देठावर कडं आहे का? बुडाशी पिशवी? ती मातीत दडलेली असते, म्हणून सुरीनं माती सैल करून बूड अख्खं काढायचं. मग बीजाणूंचा ठसा. देठ कापून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पट्ट्या खाली करून ठेवायची, वर भांडं पालथं. सकाळी टोपी उचलली की ही नक्षी. कुणाचा ठसा पांढरा, कुणाचा गुलाबी, तपकिरी नाहीतर काळा.

खाण्याचं म्हणाल, तर पक्क्या जाणकाराशिवाय नाही. अमानिटा फॅलॉइडिस या जीवघेण्या अळंबीचं विष शिजवूनही जात नाही, आणि लक्षणं दिसायलाच सहा तासांहून अधिक लागतात.

निघताना उलटवलेलं लाकूड होतं तसं ठेवायचं, साल परत दाबून. उघडं पडलेलं जाळं वाळून जातं.